पार्श्वभूमी : नर्तकीचा स्टुडिओ आणि पाटीवरचं नाव

भरतनाट्यम किंवा कंटेम्पररी शिकलेली मुलगी, गुडघ्याने नाहीतर कमरेने एकदा दगा दिलेला, म्हणून पिलाटेस हा व्यायाम सुरू केला, मग तोच शिकवायला लागली आणि काही वर्षांनी भाड्याच्या जागेत दोन-तीन रिफॉर्मर, म्हणजे या व्यायामाची स्प्रिंग लावलेली यंत्रं, मांडून स्वतःचा स्टुडिओ काढला. मुंबई-पुण्यात ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. पण नाचातून निघून स्टुडिओपर्यंत जाणारी ही वाट न्यूयॉर्कमध्ये पडली. ती मोकळी झाली एका कोर्टाच्या निकालाने, २००० साली.

सुरुवात थोडक्यात. जोसेफ पिलाटेस १९२६ मध्ये जर्मनीहून अमेरिकेला गेले आणि त्यांनी पत्नी क्लारासह न्यूयॉर्कच्या आठव्या अव्हेन्यूवर स्टुडिओ थाटला. ते स्वतः आपल्या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हणत. लोकांनी तो शब्द कधी तोंडी घेतला नाही. ‘पिलाटेसकडे जातो’ म्हणता म्हणता माणसाचं आडनावच व्यायामाचं नाव झालं. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे.

शहरातले नामवंत नृत्यदिग्दर्शक आपले जायबंदी नर्तक त्यांच्याकडे पाठवू लागले. नर्तकांना तिथे काय मिळालं, ते रिफॉर्मरवर एकदा झोपल्याशिवाय नीट कळत नाही. पाठ खाली, पावलं समोरच्या आडव्या दांडीवर, टाचा जुळलेल्या, चवडे थोडे फाकलेले. गुडघे सरळ केले की खालची घसरगाडी स्प्रिंगांचा ताण घेत मागे सरकते. वाकवले की तोच ताण तिला परत ओढतो, आणि ती धाडकन येऊ नये म्हणून आवरून धरावी लागते. बॅलेवाल्याला हा आडवा झालेला प्लिए, म्हणजे बॅलेतली गुडघे वाकवण्याची हालचाल, वाटतो. अरैमंडीची, म्हणजे भरतनाट्यममधल्या अर्धबैठकीची, सवय असलेल्या मुलीलाही गुडघा कुठल्या बोटाच्या रेषेत जायला हवा हे सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की शरीराचं सगळं वजन घोट्यावर येत नाही. म्हणजे पाय दुखावलेला असतानाही तालीम चालू राहते. नाचणाऱ्याला डॉक्टरने ‘सहा आठवडे विश्रांती’ सांगणं म्हणजे काय, हे ज्याने ऐकलंय त्याला याची किंमत कळेल.

१९४०च्या दशकाच्या सुरुवातीला घोटा दुखावलेली एक बॅले विद्यार्थिनी अशीच तिथे आली आणि पुढे संस्थापकांच्या पश्चात तिनेच तो स्टुडिओ सांभाळला. दुसऱ्या एका नर्तिकेने गुरूंच्या हयातीत, त्यांच्या संमतीने न्यूयॉर्कमध्येच स्वतंत्र स्टुडिओ काढला. १९७० मध्ये एका ब्रिटिश नर्तकाने ही पद्धत लंडनला नेली, आणि त्याच दशकात एका अमेरिकन नर्तकाने बेव्हर्ली हिल्समध्ये बस्तान बसवलं, तेव्हा सिनेमाची मंडळी येऊ लागली. यांच्यातल्या बहुतेकांकडे दाखवायला प्रमाणपत्र असं काही नव्हतं. १९६७ साली, म्हणजे पिलाटेस गेले त्याच वर्षी, न्यूयॉर्क राज्य सरकारच्या व्यावसायिक पुनर्वसन योजनेतून दोन नर्तिकांना रीतसर शिक्षक म्हणून मान्यता मिळाली, तेवढीच. बाकी सगळं गुरुकुलासारखं. वर्षानुवर्षं समोर उभं राहायचं, बघायचं, हात लावून दुरुस्त करायचं, आणि एक दिवस दुसरीकडे जागा बघायची.

या काळात कुणी कुणाला ‘आमचं नाव लावू नका’ म्हटल्याचं दिसत नाही. खुद्द पिलाटेस यांनीही शिष्यांना अडवलं नव्हतं. पुढे ही गोष्ट फार मोलाची ठरली.

मूळ व्यवसाय मात्र हातोहात फिरत राहिला. १९८०च्या दशकात तो काही काळ चक्क हातमोजे बनवणाऱ्या कंपनीकडे होता. १९८९ मध्ये स्टुडिओ बंद पडला. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्याच एका फिजिओथेरपिस्टने नावाचे हक्क विकत घेतले आणि देशभरातल्या शिक्षकांना वकिलांची पत्रं जाऊ लागली : हे नाव आमचं आहे, आमच्याकडून प्रशिक्षण घ्या, परवाना घ्या, नाहीतर पाटी उतरवा.

पत्रं पोचली त्यात वीस-वीस वर्षं शिकवणारे जुने नर्तक होते. एका खोलीचा स्टुडिओ, महिन्याचं भाडं कसंबसं निघतंय, आणि समोर ट्रेडमार्कचा दावा. लढायला पैसा कुठला? अनेकांनी पाट्या बदलल्या. कुणी नुसतं ‘द मेथड’ लिहिलं, कुणी ‘बॉडी कंडिशनिंग’. ज्यांच्याकडून विद्या घेतली त्यांचंच नाव घ्यायची चोरी झाली होती. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. इथे नाव घेतलं तर थेट कोर्टाची पायरी.

अखेर कॅलिफोर्नियातला एक उपकरणनिर्माता अडून बसला. तो रिफॉर्मर बनवत होता आणि त्यांना पिलाटेसची उपकरणं म्हणण्याखेरीज दुसरा शब्द त्याच्याकडे नव्हता. खटला मॅनहॅटनच्या संघीय न्यायालयात, ज्यूरीविना चालला. शिक्षकांच्या साक्षींवर साक्षी झाल्या. प्रश्न दिसायला साधा होता : ‘पिलाटेस’ हा शब्द ऐकल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे एखादी कंपनी येते, की व्यायामाचा प्रकार?

इथे एक घोळ होतो, म्हणून जरा थांबतो. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात कुठलीही पेस्ट हवी असली तरी ‘कोलगेट द्या’ म्हणणारे लोक आहेत, कुठलीही छायाप्रत ‘झेरॉक्स’ असते. म्हणून त्या कंपन्यांचा नावावरचा हक्क जात नाही, कारण त्या वस्तूंना दुसरे शब्द आहेत. अमेरिकेत अ‍ॅस्पिरिन आणि एस्कलेटर या शब्दांवरचा हक्क मात्र गेला. वस्तू सांगायची तर तोच शब्द उरला होता. पिलाटेसचं प्रकरण त्याच्याही पुढचं. शिकवणाऱ्यांकडे पहिल्या दिवसापासून दुसरा शब्दच नव्हता. ‘कंट्रोलॉजी’ रुळला असता, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. बचाव पक्षाचं, म्हणजे त्या उपकरणनिर्मात्याचं, म्हणणं होतं की योग आणि कराटे यांच्यासारखंच हेही एका पद्धतीचं नाव आहे. १९ ऑक्टोबर २००० रोजी न्यायालयाने ते मानलं आणि नावाच्या दोन्ही नोंदण्या, व्यायाम शिकवण्याची आणि उपकरणांची, रद्द करायला सांगितल्या.

हक्कदारांची बाजू अशी की नियंत्रण नसलं तर कुणीही उठून शिकवेल आणि लोकांच्या पाठी बिघडतील. ही भीती अगदीच पोकळ नव्हती, हे मान्य करायला हवं. शनिवार-रविवारात ‘प्रशिक्षित’ करून देणारे वर्ग निकालानंतर उगवलेच. पण त्यावर उत्तर शिक्षकांनीच शोधलं. २००१ मध्ये त्यांची एक ना-नफा संघटना उभी राहिली, परीक्षा आली, आणि पूर्ण अभ्यासक्रमासाठी किमान ४५० तासांचा दंडक रूढ झाला. त्यात नुसतं शिकवणं नाही. दुसऱ्याचा वर्ग कोपऱ्यात बसून बघण्याचे तास, स्वतःच्या सरावाचे तास, फुकट शिकवण्याचे तास, सगळं मोजलं जातं.

नर्तकांना हे तास जड गेले नाहीत. जड गेली ती फी. ब्रिटनमध्ये १९७३ पासून नाच सोडणाऱ्यांच्या पुढच्या शिक्षणासाठी निधी आहे, न्यूयॉर्कमध्येही १९८०च्या दशकात तशी सोय झाली. बॅलेतली कारकीर्द पस्तिशीच्या आसपास संपते, त्यामुळे हा विचार त्यांना आधीच करावा लागला. आपल्याकडच्या मुलीला असा आधार सहसा नसतो. ती सकाळी दुसऱ्याच्या स्टुडिओत तासावर शिकवते, संध्याकाळी लहान मुलींचा नाचाचा क्लास घेते आणि हप्त्यावर पहिलं यंत्र घेते.

ते यंत्र आठ फुटांच्या आसपास लांब असतं. जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही, मग चार माणसं जिन्यावरून वळवत वळवत वर नेतात. स्प्रिंगा साधारण दोन वर्षांनी बदलाव्या लागतात. पाटीवर काय लिहायचं ते रंगारी विचारतो, तेव्हा ‘पिलाटेस’, ‘पिलाटीज’ की ‘पिलेट्स’ एवढाच प्रश्न उरतो. परवानगी कुणाची लागत नाही.