व्हॉल्व्ह हाय-फाय अ‍ॅम्प्लिफायर : देखभाल व दोषनिवारण

निर्वात नलिकांवर (व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या ध्वनिवर्धकातील दोष शोधणे, ते दूर करणे आणि त्याची नियमित निगा राखणे. ब्रिटिश अभियंते विल्यमसन यांचा १९४७ चा आराखडा असो की डायनाको या अमेरिकी कंपनीचा १९५९ चा स्टिरिओ-७० अ‍ॅम्प्लिफायर, आतली मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच असते : ईसीसी-८३ सारखे छोटे व्हॉल्व्ह सिग्नल वाढवतात, ईएल-३४, ईएल-८४ किंवा केटी-८८ यांची जोडी ताकद देते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर ती स्पीकरपर्यंत पोहोचवतो. बिघाड झाला की पहिला संशय व्हॉल्व्हवर जातो, कारण तो डोळ्यांसमोर असतो आणि उपसून बदलता येतो. पुष्कळदा हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे ठरते. दोष चासीखालच्या (धातूच्या सांगाड्याखालच्या) एखाद्या कपॅसिटरमध्ये (विद्युतभार साठवणाऱ्या भागात) किंवा रेझिस्टरमध्ये (करंटला अडवणाऱ्या भागात) असतो आणि महागडी नवी जोडीही आठवडाभरात जळते.

चासी उलटी केली की ३०० ते ५०० व्होल्ट डीसी उघड्यावर येतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकतात. ४५० व्होल्टला भरलेल्या १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये सुमारे १० ज्यूल ऊर्जा असते. जीव घ्यायला तेवढी पुरते. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी पाचेक सेकंद लावून ती उतरवावी आणि शून्य झाल्याची खात्री मीटरनेच करावी. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय वाईट. त्यात संपर्क जळतात आणि कपॅसिटरलाही धक्का बसतो. चालू यंत्रात मोजताना मीटरची काळी क्लिप चासीला लावून एकच हात वापरावा. स्पीकर किंवा ८ ओहम, ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर जोडल्याशिवाय सिग्नल देऊ नये. भार नसला की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीवर) व्होल्टेजचे उंच झटके येतात आणि गुंडाळीतले इन्सुलेशन फुटते.

दुरुस्तीला आलेले यंत्र थेट मेन्सला लावू नये. आधी ६० ते १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घालावा; एलईडी बल्ब या कामी निरुपयोगी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट आहे. बल्बमुळे सगळी व्होल्टेज कमी दिसतात, म्हणून बायस (सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट ठरवणारे व्होल्टेज) मात्र बल्ब काढूनच लावावा. फ्यूज उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा घालू नये. मग फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो.

पाहणीतूनही बरेच कळते. काचेच्या आतला चंदेरी डाग, म्हणजे गेटर, दुधी पांढरा झाला असेल तर व्हॉल्व्हमध्ये हवा शिरली आहे. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळी झाक निरुपद्रवी असते. इलेक्ट्रोडच्या (आतल्या धातूच्या भागांच्या) मधोमध जांभळट-गुलाबी धुके दिसले तर तो गॅसचा पुरावा.

सर्वांत धोक्याचे लक्षण म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट (इलेक्ट्रॉन गोळा करणारा बाहेरचा पत्रा) लाल होणे. यंत्र ताबडतोब बंद करावे. कपॅसिटर रिकामे करून आउटपुट व्हॉल्व्ह काढावेत, पुन्हा थोडाच वेळ चालू करून ईएल-३४ च्या सॉकेटच्या पिन ५ वर, म्हणजे ग्रिडवर (करंट नियंत्रित करणाऱ्या जाळीवर), डीसी मोजावा. फार वेळ चालू ठेवू नये, कारण भार नसल्याने सप्लाय वर चढतो. कॅथोड-बायसच्या यंत्रात (जिथे बायस कॅथोडच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या, रेझिस्टरमुळे आपोआप मिळतो) इथे शून्य हवे. धन व्होल्टेज दिसले तर मागचा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या व्हॉल्व्हचा सिग्नल पुढे देऊन डीसी अडवणारा) लीक आहे. गळती किती किरकोळ असते ते पाहा : ग्रिड रेझिस्टर (ग्रिडला चासीशी किंवा बायसशी जोडणारा) ४७० किलोओहम असेल, तर अवघे १० मायक्रोअँपिअर ग्रिडला ४.७ व्होल्ट वर ढकलतात. जुने कागदी कपॅसिटर म्हणूनच सरसकट बदलून ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन घालावेत. फिक्स्ड-बायसमध्ये (जिथे बायस वेगळ्या सप्लायमधून येतो) ग्रिडवर ऋण व्होल्टेज हवे. एकाच बाजूचे कमी ऋण असेल तरी अर्थ तोच, दोन्हींचे नाहीसे झाले असेल तर बायस सप्लायचा डायोड, सेलेनियम रेक्टिफायर किंवा कपॅसिटर तपासावा.

इथे एक फसगत होते. ग्रिड रेझिस्टर तुटलेला असला तर मीटरचे १० मेगओहम त्याची जागा घेतात आणि वाचन ठीक दिसते. म्हणून पॉवर बंद करून तो रेझिस्टर वेगळा मोजावा. सगळे बरोबर निघाले तर दोन व्हॉल्व्हची अदलाबदल करावी : लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर दोष व्हॉल्व्हचा, जागेवरच राहिली तर सॉकेटचा किंवा त्याच्या जोडणीचा.

फिक्स्ड-बायस लावण्याचा हिशेब सोपा आहे. ईएल-३४ ची प्लेट २५ वॅट सोसते. त्याचे ७० टक्के १७.५ वॅट, प्लेटवर ४३० व्होल्ट असतील तर सुमारे ४१ मिलिअँपिअर, म्हणजे १० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर ०.४१ व्होल्ट. यंत्र वीस-तीस मिनिटे तापल्यावरच हे मोजावे. स्टिरिओ-७० मध्ये दोन व्हॉल्व्हना मिळून १५.६ ओहमचा एकच रेझिस्टर आहे आणि त्यावर १.५६ व्होल्ट, म्हणजे दोघांचे मिळून १०० मिलिअँपिअर, ठेवायला सांगितले आहे. प्रत्येकी ५० मिलिअँपिअर हे जरा जास्तच, १.२५ व्होल्टवर व्हॉल्व्ह जास्त टिकतात. शिवाय एक ७० आणि दुसरा ३० ओढत असला तरी वाचन तेच येते, म्हणून प्रत्येकाला वेगळा १० ओहमचा रेझिस्टर घालणे शहाणपणाचे.

हम (स्पीकरमधली सततची गुणगुण) आली तर आधी तिचा सूर ओळखावा. ५० हर्ट्झच्या मेन्सवर १०० हर्ट्झची (६० वर १२० ची) हम फिल्टर कपॅसिटर (सप्लायच्या डीसीतले चढउतार सपाट करणारा) थकल्याचे किंवा आउटपुट जोडी असमान झाल्याचे सांगते. मेन्सच्याच वारंवारतेची खोल हम अर्थ लूप (अर्थिंग दोन वाटांनी जोडले गेल्याने बनलेले वेटोळे), तुटलेली शील्ड किंवा हीटरच्या वायरिंगमुळे येते. इनपुट शॉर्ट केल्यावर ती थांबली तर दोष यंत्राबाहेर आहे. फिल्टर कपॅसिटर बदलताना ‘मोठा तितका चांगला’ हा हिशेब चालत नाही : जीझेड-३४ (एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह) नंतरच्या पहिल्या कपॅसिटरची मर्यादा ६० मायक्रोफॅरड आहे, त्यापुढे रेक्टिफायरमध्ये ठिणग्या पडतात.

तळल्यासारखी चरचर बहुधा प्लेटला जोडलेल्या जुन्या कार्बन रेझिस्टरची असते. पेन्सिलीने हलके टिचकी मारल्यावर स्पीकरमधून टण्ण आवाज आला तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक, म्हणजे कंपने पकडणारा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर स्प्रे मारण्याआधी पॉटवर (व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टरवर) डीसी आहे का पाहावे. असल्यास तिथेही लीक कपॅसिटरच. ईसीसी-८३ च्या प्लेटवर पूर्ण सप्लाय दिसला तर त्यातून करंटच वाहत नाही : व्हॉल्व्ह मेलेला किंवा कॅथोड रेझिस्टर तुटलेला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर यंत्र केकाटू लागले तर फीडबॅक (आउटपुटचा इनपुटकडे परत दिलेला अंश) उलटा झाला आहे. प्लेटच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. प्रायमरीच्या दोन अर्ध्यांचा रेझिस्टन्स थोडा वेगळा असणे हा मात्र दोष नव्हे, बाहेरच्या थरांना तार जास्त लागते.

वर्षातून एकदा सॉकेट आणि पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसाव्यात, सैल झालेल्या क्लिपा सुईने आवळाव्यात, तडकलेले सोल्डरचे डाग पुन्हा द्यावेत. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या यंत्रातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदम पूर्ण व्होल्टेजला आणू नयेत. सुटे काढून वीस-तीस किलोओहमच्या रेझिस्टरमधून हळूहळू चढवावेत. गळतीचा करंट तासागणिक घटत गेला तर कपॅसिटर वापरावा, अडून राहिला किंवा अंग गरम झाले तर टाकून द्यावा.