धान्य वाळवताना पैसे नेमके कुठे जातात?

वाळवणीसाठी कोणतं इंधन स्वस्त, हा प्रश्न लिटर-किलोच्या भावावर सुटत नाही. एक किलो पाणी उडवायला किती खर्च येतो, तो हिशेब मांडावा लागतो.

20 टक्के ओलाव्याचं एक टन धान्य 14 टक्क्यांवर आणायचं तर सुमारे 70 किलो पाणी काढावं लागतं. (60 नव्हे, कारण पाणी जाताना एकूण वजनही घटत असतं.) एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण 2.4 मेगाजूल उष्णता पुरते. प्रत्यक्षात गरम हवेचे बरेचसे ड्रायर 4 ते 6 मेगाजूल खातात. ही जास्तीची उष्णता मुख्यतः बाहेर पडणाऱ्या दमट हवेबरोबर निघून जाते. 5 धरले तर टनामागे 350 मेगाजूल झाले. म्हणजे सुमारे 10 लिटर डिझेल, साडेसात किलो एलपीजी किंवा साध्या हीटरवर 97 युनिट वीज. पंख्याची वीज वेगळी.

हीट पंप त्याच दमट हवेतली वाफ थंड करून तिची उष्णता परत वापरतो, त्यामुळे 30-35 युनिटांत काम भागू शकतं. पण यंत्र महाग, आणि हंगाम काही आठवड्यांचा. वर्षाचा बहुतेक काळ बंद राहणाऱ्या यंत्राचं व्याज विजेची बचत गिळून टाकतं. तूस किंवा लाकूड जवळपास फुकट मिळालं, तरी धूर धान्याला लागू नये म्हणून मध्ये उष्णता विनिमयक (धूर मिसळू न देता फक्त उष्णता हवेला देणारा भाग) बसवावा लागतो. तिथे थोडी उष्णता वाया जाते, शिवाय भट्टीपाशी सतत माणूस हवा.

मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो तो सौम्य उष्णतेचा मार्ग. हवा जेमतेम 10 अंशांनी तापवली, तरी तिची सापेक्ष आर्द्रता (हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे ते) जवळपास निम्मी होते, म्हणजे ती धान्यातलं पाणी जास्त ओढू शकते. वाळवणी लांबते, म्हणून फार ओल्या धान्याला हा उपाय नको. त्याला आधी बुरशी गाठेल. अशा वेळी धान्य गरम हवेने 16 टक्क्यांपर्यंत आणावं, काही तास तसंच मुरू द्यावं आणि मग हळूहळू थंड करावं. दाण्यात साठलेली उष्णताच उरलेला एखाद-दोन टक्के ओलावा बाहेर काढते. शेवटचं पाणी दाण्याला घट्ट धरून असतं, त्यामुळे ही बचत मोठी ठरते.

धान्य 14 ऐवजी 12 टक्क्यांपर्यंत वाळवलं, तर मूळ टनामागे आणखी 21 किलो वजन घटतं. विक्री वजनावर होत असेल तर तेवढे पैसे गेले, आणि ते घालवायला इंधनही जाळलेलं असतं. ओलावामापकावर खर्च करताना हात आखडता घेऊ नये, तो यासाठीच.