अमेरिकी सर्व्हिस रेकॉर्डमध्ये राहून गेलेल्या पदकांची नोंद

अमेरिकेत सैन्यातून सुटणाऱ्याच्या हातात एक कागद देतात, डीडी फॉर्म २१४. नोकरी असो, घराचं कर्ज असो, माजी सैनिकांचा दवाखाना असो, सगळीकडे हाच दाखवावा लागतो. हा फॉर्म १९५० पासून चालू आहे. पदकं, बॅज, रिबन लिहायला त्यात एक चौकट असते, हल्लीच्या फॉर्मवर १३ नंबरची, १९६६ च्या आवृत्तीत २४ नंबरची. त्या चौकटीत जे टाइप झालं नाही ते सरकारच्या लेखी मिळालंच नाही, मग पदक लावलेला फोटो घरात भिंतीवर टांगलेला का असेना. राहून गेलेली अशी पदकं मागाहून रेकॉर्डवर चढवून घेणं म्हणजे हा सगळा खटाटोप.

राहतात कशी, तर बहुतेक वेळा कुणी मुद्दाम नाकारलेली नसतात, क्लार्कने टाइप केलेली नसतात. व्हिएतनामहून परतलेला पोरगा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओकलंड किंवा फोर्ट लुईसच्या लष्करी तळावर उतरायचा, तिथे भराभर कागद उरकायचे, आणि घरी जायच्या घाईत सही कुठे करायची एवढंच तो विचारायचा, चौकटीत नुसतं एनडीएसएम, व्हीएसएम (नॅशनल डिफेन्स सर्व्हिस मेडल, व्हिएतनाम सर्व्हिस मेडल) असं त्रोटक काहीतरी लिहिलंय आणि मोहिमांचे तारे, युनिटचं सायटेशन (सगळ्या तुकडीला मिळून दिलेला गौरव) गायब आहे हे त्याच्या लक्षात यायचं तीस-चाळीस वर्षांनी. दुसरं म्हणजे पदकाची जनरल ऑर्डर युनिटकडून निघते, आणि ती निघेपर्यंत माणूस घरी पोचलेलाही असायचा. (आपल्याकडे लग्न झालं, मूल झालं की फौजी माणूस ‘पार्ट टू ऑर्डर पडली का’ विचारतो ना, तसंच. ऑर्डर नाही तर नोंद नाही.)

तिसरं कारण जरा गमतीचं आहे, काही पदकं माणूस सैन्यातून सुटून गेल्यावरच जन्माला आलीयेत. युद्धकैद्यांचं पदक १९८५ चं, पण लागू १९१७ पासून. दक्षिण कोरियाच्या सरकारने १९५१ मध्ये देऊ केलेलं युद्धपदक घ्यायला अमेरिकेने परवानगी दिली १९९९ मध्ये. १९७४ च्या एका ऑर्डरने व्हिएतनाममधल्या झाडून सगळ्या आर्मी युनिट्सना दक्षिण व्हिएतनामच्या सरकारचं गॅलंट्री क्रॉस सायटेशन लागू झालं, म्हणजे त्याआधी सुटलेल्या कुणाच्याही कागदावर ते या ऑर्डरमुळे आलेलं असणं शक्यच नाही. आणि सगळ्यात जास्त लोकांना माहीत नसलेलं म्हणजे १९४७ चा नियम, दुसऱ्या महायुद्धात ज्यांना कॉम्बॅट इन्फंट्रीमॅन बॅज (लढलेल्या पायदळाचा) किंवा कॉम्बॅट मेडिकल बॅज (त्यांच्याबरोबरच्या मेडिकचा) मिळाला त्यांना त्यावरच ब्राँझ स्टार हे पदक मिळू शकतं, फक्त मागायला लागतो. न मागताच गेलेले आजोबा किती असतील कोण जाणे.

आता मुद्द्याची गोष्ट. पदक मिळालेलं पण लिहायचं राहिलं, हे एक प्रकरण. पदक कधी दिलंच नाही पण द्यायला हवं होतं, हे दुसरं. दोन्हींचे दरवाजे वेगळे आहेत आणि लोक पहिल्या प्रकरणासाठी दुसऱ्या दरवाजावर जाऊन उगाच वर्षभर बसतात.

पहिल्यासाठी स्टँडर्ड फॉर्म १८० भरून सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरला पाठवायचा, ऑनलाइनही होतं. ते फाइल काढून बघतात, आर्मीचं किचकट प्रकरण असलं तर केंटकीत फोर्ट नॉक्सला ह्यूमन रिसोर्सेस कमांडकडे जातं. हक्क सिद्ध झाला की २१४ वर खाडाखोड करत नाहीत, डीडी २१५ नावाचा वेगळा कागद निघतो, तो २१४ ला टाचून ठेवायचा. मला हे जरा विचित्रच वाटतं, कारण टाचणी निघाली की पदक पुन्हा गायब.

फाइल काढून बघतात म्हटलं खरं, पण फाइल असली तर. १२ जुलै १९७३ ला या सेंटरच्या जुन्या इमारतीच्या सहाव्या मजल्याला आग लागली आणि १.६ ते १.८ कोटी फायली गेल्या. १९१२ ते १९६० मध्ये आर्मीतून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के, आणि १९४७ ते १९६४ मध्ये एअर फोर्समधून सुटलेल्यांपैकी ज्यांची नावं वर्णानुक्रमात ‘हबर्ड’च्या पुढे येतात त्यांच्या सुमारे ७५ टक्के. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती. जे जळलं नाही ते पाण्याने भिजलं, उन्हाळ्याचे दिवस, बुरशी धरायला लागली, मग ती बंडलं दुधाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरून मॅकडोनेल डग्लस कंपनीच्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये वाळवली, जो चेंबर आधी अंतराळमोहिमांच्या चाचण्यांसाठी वापरलेला होता. कडा जळालेल्या फायली अजून तिथे सांभाळून ठेवल्यात. ज्याची फाइलच नाही त्याच्यासाठी मग आजूबाजूचे कागद जुळवतात, त्याच्या तुकडीचे रोजचे मॉर्निंग रिपोर्ट, शेवटच्या पगाराचं व्हाउचर, हॉस्पिटलात दाखल झाल्याच्या नोंदी, कधी घरच्या ट्रंकेतली ऑर्डरची पिवळी पडलेली कार्बन कॉपी. ही कॉपी मिळाली तर अर्धं काम झालं समजा.

आता दुसरा दरवाजा. सेंटरकडून किंवा कमांडकडून नकार आला, किंवा पुराव्याचा अर्थ लावायचाय, तर रेकॉर्ड दुरुस्ती बोर्ड. आर्मीचं वेगळं, एअर फोर्सचं वेगळं, मरीन लोक नेव्हीच्या बोर्डाकडे जातात. १९४६ च्या आधी असली दुरुस्ती करायला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, एकेका माणसासाठी खाजगी विधेयक आणायचे, खासदार कंटाळले आणि हे काम सिव्हिलियन लोकांच्या बोर्डावर सोपवलं. अर्ज डीडी १४९ वर. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर बोर्ड ती माफ करतं. कायदा म्हणतो ९० टक्के प्रकरणं दहा महिन्यांत निकालात निघाली पाहिजेत. रेकॉर्ड बरोबर आहे असं बोर्ड आधी गृहीत धरतं, चूक आहे हे दाखवायची जबाबदारी अर्जदाराची.

सगळ्यात अडतं ते पर्पल हार्टला, म्हणजे जखमी झाल्याचं पदक. जखम शत्रूच्या कारवाईत झाली, तिच्यावर डॉक्टरी उपचार करावे लागले, आणि ते उपचार कागदावर आहेत, या तिन्ही गोष्टी लागतात, आणि गाडी तिसऱ्यावर अडते. लढाई चालू असताना मेडिकने खांद्यात घुसलेला धातूचा तुकडा चिमट्याने काढला, पट्टी बांधली, ‘चल’ म्हणाला, त्याचा केसपेपर कोण करणार? मग सोबत्यांची शपथपत्रं जोडतात, पण नुसत्या आठवणीवर बोर्ड सहसा हलत नाही. कठोर वाटतं, पण न मिळालेली पदकं मिरवणारे तिकडे इतके निघालेत की त्यांच्यासाठी २०१३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. उलट गुड कंडक्ट मेडल बऱ्याचदा सहज मिळतं, वागणुकीचे शेरे चांगले आणि कमांडरचा विरोध कुठे लिहिलेला नाही, एवढं पुरतं.

शिफारसच झाली नसेल किंवा हरवली असेल तर एखाद्या खासदारामार्फत उशिरा शिफारस पाठवायची सोय १९९६ पासून कायद्यात आहे. पॅरिस डेव्हिस हे ग्रीन बेरे, म्हणजे आर्मीच्या स्पेशल फोर्सेसचे कॅप्टन जून १९६५ मध्ये व्हिएतनाममध्ये स्वतः जखमी असताना साथीदारांना ओढून आणत होते, मेडल ऑफ ऑनर या सर्वोच्च शौर्यपदकासाठी नाव गेलं, कागद हरवले, पुन्हा काढायला सांगितलं तर पुन्हा सापडेनात. ते कृष्णवर्णीय होते, आणि कागद आपोआप हरवले यावर त्यांच्या सोबत्यांचा कधीच विश्वास बसला नाही. पदक मिळालं मार्च २०२३ मध्ये, तेव्हा डेव्हिस ८३ वर्षांचे होते.

माणूस गेला असेल तर जोडीदार, मुलं, भावंडं अर्ज करू शकतात, आणि सुटून ६२ वर्षं झाली की फाइल सार्वजनिक होते, मग फी भरून कुणीही प्रत मागवावी. सरकारी थडग्याच्या दगडावर पर्पल हार्ट कोरून हवं असेल तर तिथेही आधी कागद विचारतात.