सह्याद्रीतला पट्टेरी वाघ : कोयना-चांदोलीची पार्श्वभूमी

पाटण किंवा शिराळा तालुक्यात कुणी ‘काल वाघ आला होता’ म्हणालं, की समजायचं बिबट्या. उसात पिल्लं घालणारा, वस्तीवरचं कुत्रं उचलून नेणारा. खऱ्या वाघासाठी आपल्याकडे वेगळा शब्द आहे, ढाण्या वाघ, नाहीतर पट्टेरी वाघ. जुनी माणसं तो शब्द वापरायची ती ‘आमच्या आज्याच्या वेळी होता’ एवढ्यापुरताच. आता कोयना-चांदोलीच्या रानात तो पुन्हा आहे. तो कसा गेला आणि कसा परत आला, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

वाघ इथला होता याला कागदपत्रांआधी नावांचीच साक्ष आहे. कोयनेच्या पाण्यापलीकडं उभ्या असलेल्या वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. घाटावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर जागोजागी वाघजाईची ठाणी आहेत. शेंदूर फासलेला तांदळा, पुढं एखादी घंटा, बाजूला फुटक्या नारळाच्या करवंट्या. रान पार करणाऱ्या माणसानं आधी तिच्यापुढं हात जोडायचे आणि मगच घाट उतरायचा. ही भीती खरी होती आणि त्या भीतीत मानही होता.

मान संपला तो इंग्रजी अमलात. वाघ मारणाऱ्याला सरकारी इनाम मिळू लागलं, शिकार ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. इमारती लाकडासाठी आणि कोळशासाठी रान तुटलं. सांबर, भेकर बंदुकीनं मारले गेले, तशी वाघाची उपासमारही झाली. स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जागांमध्ये महाराष्ट्रातून मेळघाट होता. सह्याद्रीचं नाव त्या यादीत नव्हतं.

तोवर आपल्याकडे वेगळंच काही घडलं होतं. कोयना धरण उभं राहिलं, १९६० च्या दशकात शिवसागर भरला आणि खोऱ्यातली गावं उठली. माणसं ठाणे, रायगड, सोलापूरकडे पाठवली गेली. पाण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या मुख्य रांगेखाली जे रान उरलं, ते पूर्वेकडच्या वस्तीपासून तुटलं. आजही वासोट्याला जायचं तर बामणोलीहून लाँचनं जावं लागतं. हे रान टिकलं त्यात या पाण्याचा वाटा मोठा आहे, आणि ते पाणी ज्यांच्या घरादारावर चढलं, त्यांचाही. दोन पिढ्या उलटल्या तरी यातली कित्येक कुटुंबं जमिनीसाठी आंदोलनाला बसतात. वाघाच्या परतण्याचं कौतुक करताना हे बाजूला ठेवणं मला पटत नाही.

१९८५ मध्ये कोयना आणि चांदोली ही अभयारण्यं जाहीर झाली. वारणेवरचं धरण, त्यामागचा वसंतसागर आणि भोवतीचं दाट रान असलेलं चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. इथलीही गावं उठून खाली आली. त्या उठलेल्या गावठाणांत गेलं, की जोत्यांचे दगड, ढासळलेलं तुळशी वृंदावन, परड्यातला फणस अजून दिसतो. भाताच्या खाचरांत आता गुडघ्याएवढं गवत आहे आणि त्यात गवे चरतात. सदाहरित रानात गवत कमीच असतं, त्यामुळं ही जुनी शेतं तृणभक्ष्यी जनावरांची हक्काची कुरणं झाली. झाडोरा वाढून ती मिटू नयेत म्हणून वन विभागाला तिथं मुद्दाम काम करावं लागतं.

जानेवारी २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत सुमारे ११६५ चौरस किलोमीटर, त्यातलं ६०० गाभा क्षेत्र आणि उरलेलं बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा. प्रकल्प झाला, पण वाघ दाखवा म्हटलं तर वन विभागाकडं ठशांपलीकडं आणि विष्ठेपलीकडं फारसं काही नव्हतं. ‘वाघाविना व्याघ्र प्रकल्प’ अशी टीका बरीच वर्षं झाली. मला ती तेव्हाही उथळ वाटायची. वाघ नाही म्हणून रान सोडून दिलं असतं, तर पुढं आलेला वाघ थांबला कुठं असता?

मे २०१८ मध्ये चांदोलीत ट्रॅप कॅमेऱ्यात, म्हणजे जनावर पुढून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, वाघ टिपला गेला. मग पुन्हा मोठी शांतता, आणि डिसेंबर २०२३ मध्ये आणखी एक. पुढं तीन वाघांची ओळख पटली, त्यांना सेनापती, सुभेदार आणि बाजी अशी नावं मिळाली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळं फोटोवरून ओळख पटते. तिघंही नर. यात नवल नाही. तरणा नर आईला सोडून शेकडो किलोमीटर हिंडतो, मादी मात्र सहसा आईच्या हद्दीशेजारीच ठाण मांडते. कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पापासून तिलारी, आंबोली, राधानगरी, विशाळगड असं रान वर चांदोलीपर्यंत येतं. नर त्या वाटेनं येत राहिले, पण नुसते नर येऊन पिल्लं होणार नाहीत.

म्हणून बाहेरून वाघ आणायचं ठरलं. आधी भक्ष्याची सोय हवी होती. चांदोलीत सोडायला चितळ आणले गेले, त्यातले काही सांगली जिल्ह्यातल्याच सागरेश्वरातून. हे सागरेश्वर म्हणजे उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी उभं केलेलं रान. मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहित्यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. त्या कोरड्या डोंगरावर वाढलेली चितळं आज सह्याद्रीच्या पावसात वाघाला आधार द्यायला गेलीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

केंद्राकडून आठ वाघांची परवानगी मिळाली, तीन नर आणि पाच माद्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘ऑपरेशन तारा’खाली ताडोब्यातली चंदा नावाची वाघीण चांदोलीत आणली, आधी कुंपणाच्या आत ठेवली आणि मग रानात जाऊ दिली.

पण आणलेल्या वाघांवर सह्याद्री उभा राहणार नाही. दक्षिणेकडची वाट उघडी राहिली तरच इथल्या रक्तात नवं रक्त मिसळत राहील. गेल्या काही वर्षांत त्या वाटेवर विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, तिलारी अशी संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली, साताऱ्याच्या बाजूला जोर-जांभळीही झालं. मात्र संवर्धन राखीव क्षेत्र सरकारी जमिनीवरच होतं. मधली मालकी रानं त्यात येत नाहीत. सावंतवाडी-दोडामार्गाकडं अशा रानांच्या जागी रबर आणि अननस उभा आहे, आणि कोल्हापूरच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवर, बॉक्साइटच्या खाणी निघाल्या आहेत. चांदोलीकडं निघालेल्या तरण्या वाघाला याच पट्ट्यातून यावं लागतं.