क्षय लागतो, हे कळायला एवढा वेळ का लागला?

फेब्रुवारी १८२१मध्ये कवी जॉन कीट्स रोममध्ये क्षयाने गेला, वय २५. तिथल्या नियमाप्रमाणे त्याच्या खोलीतलं सामान जाळलं गेलं, भिंती खरवडल्या गेल्या. त्याच्या मायदेशी, इंग्लंडमध्ये, कुणी असं केलं नसतं. दक्षिण युरोपात क्षय ‘लागतो’ असं लोक धरून चालत. उत्तरेकडचे डॉक्टर मात्र तो घराण्यातून येतो म्हणत. त्यांच्या म्हणण्याला आधार होता. आईमागोमाग मुलगी, मग धाकटा भाऊ, अशी एकाच घरातली माणसं जात. ती एकाच कोंदट खोलीत श्वास घेत होती, याकडे लक्ष गेलं नाही. शिवाय पटकीची लागण दिवसांत कळते. क्षयाचा जंतू शिरल्यावर आजार दिसायला महिने, कधी वर्षं जातात. जंतू शिरलेल्या दहा जणांपैकी फार तर एक जण आयुष्यात कधीतरी आजारी पडतो. कुणाचा कुणाला लागला, याचा माग काढायचा कसा?

१८६५मध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर व्हिलमँ यांनी क्षयाने मेलेल्या माणसाच्या फुप्फुसातल्या गाठींचा अंश सशांना टोचला. सशांना क्षय झाला. इतका सरळ पुरावा, तरी पॅरिसच्या बड्या डॉक्टरांपैकी अनेकांना तो पटला नाही.

२४ मार्च १८८२ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी जंतूच समोर ठेवला. या जंतूला मेणचट आवरण असतं, त्यामुळे साधा रंग त्यात शिरत नाही. कॉखनी अल्कली घातलेला मिथिलीन ब्लू वापरला, वरून तपकिरी रंग दिला. भोवतालचं सगळं तपकिरी झालं आणि बारीक काड्या तेवढ्या निळ्या राहिल्या. मग त्या वाढवायच्या होत्या. गरम करून थिजवलेल्या रक्तद्रवावर पहिले ठिपके उमटले ते दुसऱ्या आठवड्यात. इतर अनेक जंतू दोन दिवसांत वाढतात. दुसऱ्या कुणी त्या नळ्या तोवर धुवून टाकल्या असत्या. मला तर या शोधात हुशारीपेक्षा चिवटपणाच जास्त दिसतो.

जंतू सापडला, पण तो जातो कसा? आधी ठपका आला वाळलेल्या थुंकीच्या धुळीवर. न्यूयॉर्कने १८९६मध्ये सार्वजनिक ठिकाणी थुंकायला बंदी घातली. पुढे १९३०च्या दशकात विल्यम वेल्स यांनी मांडलं, की खोकल्यातले थेंब हवेतच सुकून इतके हलके होतात की तासन्‌तास तरंगत राहतात. १९५०च्या दशकाअखेरीस रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोरच्या एका टीबी वॉर्डातली हवा वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रुग्ण आणि प्राणी यांच्यात हवेखेरीज काहीच सामाईक नव्हतं. तरी गिनीपिगांना लागण झाली; जिथे हवेवर अतिनील किरण सोडले होते, तिथे झाली नाही.

त्याच सुमारास, १९५९मध्ये, मद्रासमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले; त्यात घरी आणि सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णांच्या खास रुग्णालयात, होणाऱ्या उपचारांची तुलना होती. दाटीवाटीच्या घरात राहून औषधं घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना सॅनेटोरियममध्ये हलवलेल्यांच्या कुटुंबीयांपेक्षा जास्त धोका नव्हता. औषध सुरू झालं, की रुग्णाकडून होणारा प्रसार झपाट्याने कमी होत होता. लागण झाली होती ती बहुतेक त्याआधीच, आजार ओळखला जाण्यापूर्वी.