टाच आपटली? डॉक्टरांना कंबरेचंही सांगा

शिडीवरून पाय सटकतो, माणूस दाणकन दोन्ही टाचांवर येतो आणि लगेच म्हणतो, "मुका मार आहे, दोन दिवसांत उतरेल." मग तेल लावून चोळणं सुरू होतं. टाचेच्या बाबतीत मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

पावलातल्या २६ हाडांत टाचेचं हाड सर्वांत मोठं. पण ते भरीव नाही. बाहेर पातळ कवच, आत स्पंजासारखी जाळी. त्याच्यावर घोट्याचं हाड बसलेलं असतं. उंचावरून पडलं की अंगाचा सगळा भार त्या हाडातून पाचरीसारखा खाली घुसतो आणि टाच चेपते, रुंद होते. हाड मोडल्याची पहिली खूण म्हणजे पाय टेकवतच नाही. दुसरी खूण तळव्यावर उमटते. लचक भरली तर सूज बहुधा घोट्याभोवती राहते. तळव्याच्या मधोमध काळंनिळं पडलं, तर हाड मोडल्याची शंका घ्यायलाच हवी.

तोच धक्का पायातून वर कण्यापर्यंत जातो. टाच मोडलेल्या शंभरांतल्या साधारण दहा जणांच्या मणक्यालाही इजा झालेली असते. टाचेच्या कळांपुढे कंबर दुखतेय हे जाणवतही नाही. म्हणून किती उंचीवरून, कसे पडलात, हे डॉक्टरांना नीट सांगा आणि पाठ तपासायला लावा. पाठ दुखत असेल किंवा पायांना मुंग्या येत असतील, तर माणसाला उठवू नका, रुग्णवाहिका बोलवा. एरवी पाय उंचावर ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. चोळणं नको, शेक नको, भार तर अजिबात नको.

औषध घेऊनही कळा वाढत गेल्या, बोटं बधिर झाली, किंवा टाचेमागची कातडी ताणून पांढरी पडली, तर तासाभराचाही उशीर करू नका. आत कोंडलेल्या दाबाने स्नायू मरतात, ताणलेली कातडीही मरते.

एक्स-रेत हाडाचा एक कोन मोजतात. तो एरवी २० ते ४० अंशांचा असतो, हाड चेपलं की कमी होतो. सांध्याचे तुकडे कसे सरकलेत, ते सीटी स्कॅनमध्ये कळतं. प्रत्येक टाचेला ऑपरेशन लागतंच असं नाही. लागलं तरी डॉक्टर बहुतेकदा आठवडा-दोन आठवडे थांबतात आणि घरचे अस्वस्थ होतात. पण सुजलेल्या कातडीवर घातलेले टाके नीट भरत नाहीत. डॉक्टर रोज टाचेची बाजू निरखतात. ताणलेल्या, चकाकणाऱ्या कातडीवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसू लागल्या की ऑपरेशनची तारीख ठरते.