नागपूर खंडपीठ आणि दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ

‘नागपूर खंडपीठाच्या एकलपीठाने याचिका फेटाळली.’ अशा धाटणीची वाक्यं विदर्भात नेहमी वाचायला मिळतात. खंडपीठाचं एकलपीठ कसं? घोळ ‘बेंच’ या शब्दात आहे. कोर्टात त्याचे दोन अर्थ चालतात आणि मराठीत दोन्हींना आपण खंडपीठच म्हणतो.

पहिला अर्थ ठिकाणाचा. १९३६ पासून नागपूरला स्वतःचं हायकोर्ट होतं. पुढे सरन्यायाधीश झालेले न्या. हिदायतुल्ला इथे मुख्य न्यायमूर्ती होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते हायकोर्ट गेलं. मग १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यातल्या कलम ४१ ने ठरवलं, की मुंबई हायकोर्टाचे किमान तीन न्यायमूर्ती नागपुरात बसून विदर्भातली प्रकरणं ऐकतील. सिव्हिल लाइन्समध्ये चालतं ते हे खंडपीठ. ते मुंबईच्या हाताखालचं नव्हे. इथला निकाल मुंबई हायकोर्टाचाच असतो आणि राज्यातल्या सगळ्या जिल्हा न्यायालयांवर बंधनकारक असतो.

दुसरा अर्थ न्यायमूर्तींच्या संख्येचा. एक असतील तर एकलपीठ, दोन असतील तर खंडपीठ, तीन किंवा जास्त असतील तर पूर्णपीठ. वकील मंडळी सरळ ‘सिंगल जज’ आणि ‘डीबी’ (डिव्हिजन बेंच) म्हणतात. मला तेच जास्त स्वच्छ वाटतं.

आदेशाची प्रत हातात असेल तर दोन्ही अर्थ एकाच पानावर सापडतात. अगदी वर ‘नागपूर बेंच’ लिहिलेलं असतं, ते ठिकाण. त्याखाली ‘कोरम’पुढे न्यायमूर्तींची नावं असतात. एका नावापुढे इंग्रजी ‘जे’ असेल तर एकलपीठ, दोन नावांपुढे ‘जेजे’ असेल तर खंडपीठ.

हा फरक पक्षकाराला माहीत असलाच पाहिजे. ‘खंडपीठात हरलो, आता दिल्लीच’ असं समजून लोक हातपाय गाळतात. पण राज्यघटनेच्या कलम २२६ खालच्या रिट याचिकेवर एकलपीठाचा निकाल असेल, तर लेटर्स पेटंट अपील त्याच इमारतीत, दोन न्यायमूर्तींपुढे करता येतं. त्याची मुदत ३० दिवसांची. सुप्रीम कोर्टात विशेष परवानगी याचिकेला ९० दिवस असतात, त्या हिशेबाने थांबलात तर इथली मुदत निघून जाते. प्रत्येक प्रकरणात हे अपील मिळत नाही. दिवाणी दाव्यातल्या दुसऱ्या अपिलाच्या (सेकंड अपील) निकालावर तर मुळीच नाही. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी वकिलांना विचारा: आपलं मॅटर सिंगलपुढे होतं की डीबीपुढे?